संत विन्सेंटच्या पायाशी

अमेरिकेत, कॅरी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये हिमानी दर रविवारी मराठी शाळा घ्यायची. दाराशी संत विन्सेंटचा पुतळा होता. मध्ययुगातल्या या उपदेशकाचं प्रवचन म्हणे ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू यायचं. देवाच्या दारात चपला काढायच्या, ही शिस्त हिमानीचीच. सगळ्यांच्या चपला पुतळ्याच्या पायाशी राहत.

आज शाळा सुटली, तरी मुलं पुतळ्यासमोर गप्प उभी होती.

"मावशी, द सेंट सेज वी कॅन गो होम," नकुल म्हणाला.

हिमानी हसली. "इंग्लिशमध्ये सांगतो का रे?"

"नो. स्पॅनिश," झाडू मारणारी मारिया पुटपुटली आणि हिमानीकडे न बघताच मुलांना घाईघाईने बाहेर घेऊन गेली.

हिमानी चपला घालायला वाकली. वरून आवाज आला. गेलेल्या आईची तीच वऱ्हाडी बोली.

"राहू दे वं चपला. आता कायले लागते तुले?"