रोलरवरचा आकडा

"तीनशे साठ," ट्रान्सपोर्टवाल्या शेठने मोबाइलवर हिशोब करून सांगितलं, आणि म्हातारा ड्रायव्हर खिडकीतूनच हसला.

बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर त्याने नुकताच लेकीच्या गॅरेजमधला डिझेल पिकअप पळवला होता. शेवटच्या रेषेवरचा वेग आणि गाडीचं वजन धरलं, की इंजिनाची ताकद निघते. हीच गाडी काल लेकीच्या डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चारशे ऐंशी हॉर्सपॉवर दाखवत होती. थोडाफार फरक पडतोच. एवढा पडत नाही.

"जागच्या जागी पळून दमणारी गाडी आमच्या वेळी नव्हती बुवा," तो खाली उतरत म्हणाला. "रोलरवर ना वारा, ना खड्डा, ना कुणी आडवं येत. तिथे माझी खाटसुद्धा चारशे ऐंशी दाखवेल."

भोवतीचे ड्रायव्हर खदखदून हसले. त्यांच्यात त्याचा शब्द शेवटचा. त्याचं आयुष्य घाट चढण्या-उतरण्यात गेलं होतं. लेक कॉम्प्युटर लावून इंजिनं सुधारते, याची तो घरीदारी टिंगलच करायचा. आजही स्टेअरिंग त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं.

"बाई, माझ्या सगळ्या गाड्या तुमच्याकडेच यायच्या होत्या," शेठ म्हणाला. "पण तुमच्याच वडिलांनी निकाल दिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

लेकीने लॅपटॉपची वायर स्टेअरिंगखाली जोडली. पळताना गाडीत जे जे घडलं ते सगळं पडद्यावर रेघांनी उमटलं. इंजिनात कुठेच खोट नव्हती. फक्त एक रेघ अर्ध्या धावपट्टीवर धाडकन खाली आली होती, काही वेळ तिथेच रेंगाळली होती आणि मग चाचपडत वर गेली होती.

म्हातारा तिच्या खांद्यावरून डोकावला. "ही मध्येच बसलेली रेघ कसली गं?"

तिने वळून पाहिलं. त्याने अजून एका हाताने गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं होतं. तिने लॅपटॉप मिटला.

"काही नाही, बाबा," ती शेठलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझंच मशीन चुकलं."

पुन्हा हशा पिकला. "रोलरवर आता कपडे वाळत घाला," कुणीतरी म्हणालं. शेठ आपल्या गाडीकडे निघाला.

म्हातारा मात्र या वेळी हसला नाही. लेक मान खाली घालून वायर गुंडाळत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने शेठला हाक मारली. आवाजात गुर्मी तीच होती.

"ओ शेठ, निघालात कुठे? आणि तुम्ही रे, दात काय काढताय? अकलेचे कांदे सगळे. एवढे ड्रायव्हर उभे आहात, एकाच्याही ध्यानात आलं नाही? ती रेघ माझ्या पायाची होती. अर्ध्या वाटेत मी घाबरलो आणि पाय उचलला. मशीन खोटं बोललं नाही. खोटं बोलली ती माझी पोर."