मशीनला आराम

हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये जेसीबीच्या होज पाइपांना लोखंडी टोकं दाबून बसवायचं मशीन अंकुश चालवायचा. धंतोलीतल्या दवाखान्यात बायकोचं, भावनाचं, ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्याने आठवडाभराची सुट्टी मागितली.

"ऑपरेशन डॉक्टर करते. तू तिथं काय पाना पकडून उभा राहणार?" मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा समोर आला. "साहेब, मशीनचा आवाज बदलून राहिला. पाइप दाबायची डाय घासून राहिली वाटते."

मालकांच्या हातातला चहा सांडला. "बंद कर आधी! आठवडाभर हात लावू नको तिले. अन् तू घरी जा, इथं राहिला तं चालू करशीन."

त्या आठवड्यात मालकांनी स्वतः डाय पुसल्या, ग्रीस लावलं, तेल बदललं आणि रोज जाताना मशीनवर चादर पांघरली. तिकडे धंतोलीत भावनाच्या तोंडावरही चादर ओढली गेली.

अंकुश कामावर परतला. मालकांनी श्वास रोखून बटण दाबलं. पाइप एकदम सफाईने दाबला गेला. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांचं लक्ष अंकुशच्या तुळतुळीत डोक्याकडे गेलं.

"केस दिले? मशीनसाठी नवस बोलला होता काय गा?"

अंकुशने डायवर ग्रीस लावायला घेतलं.

मालकांनी संत्रा बर्फीचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "अर्धी घरी ने. सारा जीव मशीनमंदी नको ठेवू गा, थोडं बायकोकडंही पाहत जा."