नैरोबीहून आलेला अभिप्राय

साताऱ्यातील एका संगणकवर्गात पडदा उजळला आणि सोपान कांबळे खुर्चीत पुढे सरसावले. इंटरनेटवरचे त्यांचे ‘पाणवठा’ हे संकेतस्थळ उघडले होते. परंतु जिथे सुलाबाईंची गाणी असावयाची, तिथे इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा नुसता चुरा पडला होता.

शेजारी लालासाहेब बसले होते. कचेरीतून निवृत्त झालेले हे साताऱ्याचे गृहस्थ आपले आत्मवृत्त सोपानरावांकडे प्रकाशनासाठी देण्यास आले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“ह्ये वाचायचं कसं म्हणायचं?” त्यांनी विचारले.

वर्गाच्या मास्तरांनी सौम्य शब्दांत खुलासा केला. ज्या संगणकात हा मराठी फाँट भरलेला असेल, तिथेच ही अक्षरे दिसतात. अन्यत्र असाच कचरा दिसतो. हा फाँट आणखी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. सोपानरावांना उत्तर ठाऊक होते. बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकांनी तो स्वतःपुरता करवून घेतला होता. आता तो सांगलीत नईमच्या इंटरनेटच्या दुकानातील एका यंत्रात होता, आणि कुठेच नव्हता.

लालासाहेबांनी हस्तलिखित पिशवीत घातले. घरी पाहुणे यायचे आहेत, असे काहीसे बोलून ते निघून गेले.

सोपानरावांनी उभी हयात सांगलीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळविण्यात घालविली होती. छापलेला कागद वाचण्यासाठी वाचकाच्या घरी खिळे असावे लागत नाहीत, हे त्यांच्या अंगात इतके मुरले होते, की याहून वेगळे काही असेल ही शंकादेखील त्यांच्या मनास शिवली नव्हती. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. माधवनगरातील त्यांच्या वयाची माणसे उन्हाला पाठ देऊन बसत असत. हे मात्र रोज सायकल हाणीत नईमच्या इंटरनेटच्या दुकानात जात. लोकांची पुस्तके इंटरनेटवर प्रसिद्ध करावयाची, लेखकाकडून वाजवी मोबदला घ्यावयाचा, असा त्यांचा धंदा होता. सून त्यांना ‘मालक’ म्हणून चिडवीत असे.

पहिले पुस्तक वडूजच्या सुलाबाईंचे. बाईंना अक्षरओळख नव्हती. परंतु धम्मदीक्षेच्या काळापासून त्यांनी गाणी रचली होती. आजवर ती त्यांनी कुणास लिहून घेऊ दिली नव्हती. सोपानरावांनी सांगितले, “आक्का, सातासमुद्रापार लोक वाचतील.” त्या एका शब्दावर बाईंनी गाणी दिली.

पुढे कित्येक महिने कुणाचेही पत्र आले नाही. बाई डोळे दाखविण्यास सांगलीस आल्या, तेव्हा दुपारभर दुकानात बसल्या आणि पडद्यावरच्या पत्रांच्या रिकाम्या पेटीपुढे बसलेले सोपानराव त्यांनी पाहिले. त्यानंतर मात्र नशीब उघडले. नैरोबीहून अभिप्राय आला. मग मस्कतहून, मग लंडनहून. नईम ते छापून हाती ठेवीत असे. ‘मांडणी नीटनेटकी. एकही चूक सापडली नाही. असा प्रकाशक आता दुर्मीळ.’ सोपानराव सुखावत आणि लगोलग ओशाळत. कारण गाण्यांविषयी त्यात अक्षरही नसे. म्हणून वडूजला ते वाचून दाखविताना गाण्यांच्या कौतुकाची एखादी ओळ ते पदरची घालीत. बाईंचे डोळे आता जवळजवळ गेले होते. त्यांना सोपानरावांच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आज त्या सर्व अभिप्रायांचा उलगडा झाला होता. अक्षरे दिसत होती एकाच यंत्रावर, आणि त्या यंत्राशी त्यांच्याखेरीज एकच माणूस बसत होता.

स्टँडवरून त्यांनी नईमला फोन लावला. पडद्यावर काय दिसले, ते सांगितले.

“ती पत्रं तूच लिवत हुतास?”

“चाचा,” नईम म्हणाला, “आदी वडूजला जाऊन या. मग मला काय बोलायचं ते बोला.”

वडूजची एस.टी. मिळाली, बसावयास जागाही मिळाली. तरी अंग मोडून आले होते. काय सांगावयाचे, हे सोपानरावांनी वाटेत ठरविले. आक्का, तुमची गाणी कुणीही वाचलेली नाहीत. सातासमुद्रापार नाहीत, कऱ्हाडातही नाहीत. मी तुम्हांला फसविले. ती परत घ्या.

ते पोहोचले तेव्हा सुलाबाई शेजारच्या टेलिफोन बूथमधून भिंत चाचपीत बाहेर येत होत्या. बाईंना ना मूल, ना भाऊ. कुणास फोन केला, असे सोपानरावांनी सहज विचारले.

“हाय एक लेकरागत,” बाई म्हणाल्या. “बस. दमलास व्हय रं? आवाजावनं कळतंय.”

त्यांनी चाचपडत पाण्याचा तांब्या पुढे केला. मग भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, नेहमीप्रमाणे ऐकावयास सिद्ध झाल्या.

“आलाय न्हवं कागद?”

सोपानरावांनी तोंड उघडले. त्या मिटत चाललेल्या डोळ्यांपुढे त्यांच्याने ठरविलेले बोलवेना. सांगलीहून निघताना नईमने दिलेला नैरोबीचा कागद खिशात होता. तो त्यांनी उलगडला.

“‘मांडणी पाहून समाधान वाटले,’” त्यांनी वाचले. “‘सोपानरावांनी या वयात हे काम सोडू नये.’” ते थांबले. मग कागदावर नसलेले वाचले, “‘सुलाबाईंचे जात्यावरचे गाणे वाचून आईची आठवण झाली.’”

बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरले. त्यांनी हात पुढे करून सोपानरावांचे मनगट शोधले.

“दर खेपंला ह्ये गाण्याचं कुठनं येतंय रं, सोपाना? म्या तर फोनवर नईमला तुज्या छपाईचं तेवढंच लिवाय सांगत आले.”