पाच स्वच्छ नळ्या

“थंडीनं मरणं आजपासून कालबाह्य झालं आहे!” संचालकांनी पाहुण्यांपुढे जाहीर केलं आणि लगेच सटासट तीन शिंका दिल्या. मफलर घट्ट करून पुढचं वाक्य त्यांनी नाकातूनच पूर्ण केलं.

प्रयोगशाळेतल्या अतिथंड टाकीपाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ बाईंना शिंका सोडून सगळं भाषण पाठ होतं. पेशी गोठवली की बर्फाच्या सुया वाढतात आणि तिला आतून भोसकतात. संस्थेनं त्यावर अतिसूक्ष्म कण तयार केले होते. केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे. ते बर्फाला चिकटून बसतात आणि त्याला वाढूच देत नाहीत. कर्मचारी आपसांत त्या कणांना ‘साहेब’ म्हणत.

आज मात्र भाषण कधी संपतं असं बाईंना झालं होतं. बाहेर बाकावर त्यांची भाची बसली होती. सात वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी तिला कॅन्सर झाला. औषधांनी जीव वाचेल, पण मूल होण्याची आशा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तिच्या अंडाशयाचा नखाएवढा तुकडा आधीच काढून इथे, या कणांच्या पहाऱ्यात गोठवला होता. दुसरा तुकडा नव्हता. उद्या सकाळी तो तिच्या पोटात परत बसवायचा होता.

फोटोसाठी टाकीतून असे तुकडे ठेवलेल्या पाच नळ्या काढून द्रवरूप नायट्रोजनच्या धुरकट तबकात मांडल्या होत्या. पाच बायकांच्या पाच. वर्गाच्या फोटोतल्या पोरांसारखी फोटोग्राफरनं त्यांची जागा तीनदा बदलली.

“हिला मधे घ्या. ही जरा पुढे. पण हिम साचलंय हो, काहीच दिसत नाही.”

“बाई, जरा पुसून घ्या,” संचालक म्हणाले.

बाईंनी पुसलं. हातात येईल ती वस्तू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, ही तेवीस वर्षांची सवय. घरी त्या दाराची कडीसुद्धा पुसत. नळ्या लख्ख झाल्या. फोटो छान आला. पाहुणे चहाला गेले.

मग बाईंचं हातातल्या बोळ्याकडे लक्ष गेलं. तो निळा झाला होता.

नळ्यांवरची नावं त्यांनीच लिहिली होती, साध्या निळ्या पेननं. न पुसणाऱ्या शाईचा पेन संस्थेत होता, पण तो संचालकांच्या कपाटात, कुलपात असे. बाहेर ठेवला की लोक तो वापरतात, अशी त्यांना भीती होती. कुठली नळी टाकीच्या कुठल्या घरात, हे वहीत होतं. पण नळ्या आता घरात नव्हत्या. आधीच्या फोटोंत हिम होतं, नंतरच्या फोटोंत नाव नव्हतं.

“सर, नावं गेली,” बाई हळूच म्हणाल्या.

“कुठे गेली?”

बाईंनी बोळा दाखवला. 

“पेशी जिवंत आहेत ना?”

“आहेत.”

“पाचही?”

“पाचही.”

“मग प्रयोग यशस्वी आहे,” संचालक म्हणाले आणि शिंकले.

बाई बाहेर आल्या. भाची उठून उभी राहिली. “आत्या, झालं का गं?”

बाईंनी सगळं सांगितलं. पुसलं कोणी, तेही. भाचीनं काचेतून आत पाहिलं. पाचही नळ्या चकचकीत दिसत होत्या.

“त्यातली एक माझी?”

“हो.”

“आतलं नीट आहे?”

“अगदी नीट आहे गं.”

“मग तपासून बघ ना, कुठली ते.”

“तपासायला वितळवावं लागतं. वितळवलं की त्याच दिवशी पोटात बसवावं लागतं, परत गोठवता येत नाही. एक उघडली आणि ती तुझी नसली तर… त्या चौघीही कुठेतरी अशाच बाकावर बसल्या असतील.”

 भाचीनं आत्याचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिनं थोबाडीत मारली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात संचालक आले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. ते माणूस म्हणून चांगलेच होते. त्यांनी एक अर्ज पुढे केला. तुकड्याची ओळख पटवायची युक्ती निघेपर्यंत संस्थेनं तो सांभाळावा, असा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: नाव न पुसणाऱ्या शाईनं लिहावं.

भाची पर्स चाचपू लागली. “आत्या, पेन आहे?”

“थांबा, थांबा,” म्हणत संचालक स्वतः आत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. पेन अजून कंपनीच्या पिशवीतच होता. त्यांनी ती दातांनी फाडली.

भाचीनं नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर. बाईंच्या मुठीत अजून तो निळा बोळा होता. तो त्यांनी नावावरून फिरवला. एकदा, मग पुन्हा जोर लावून. एक मात्राही हलली नाही.

संचालक खाकरले.

“पेन तेवढा आठवणीनं परत द्या हं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “एकच आहे.”