आतून लावलेली कडी

तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि नणंदेच्या मनात पाल चुकचुकली.

"वहिनी, अगं मी बाहेर उभी आहे ना! सूट कोण चढवणार तुला?"

"माझा मी चढवते, वन्सं. तुम्ही व्हा पुढे."

चढवते म्हणे! शर्यतीचा सूट म्हणजे का साधा पोहायचा पोशाख होता? अंगावर दुसरी कातडी चढवावी इतका घट्ट. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत बोटाबोटानं वर सरकवायचा. एकीनं श्वास रोखायचा, दुसरीनं मागून ओढायचं. प्रौढांच्या स्पर्धेत उतरल्यापासून दोघी एकमेकींना असाच सूट चढवत आल्या होत्या. ओढता ओढता हसू फुटायचं, हसता हसता कापड हातातून निसटायचं, आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "अहो आज्जीबाई, आटपा की!" पाण्यात उतरल्यावर मात्र कुणी कुणाची नाही. पहिली वहिनी, दुसरी नणंद, हे ठरलेलंच.

तेवढ्यात कडी निघाली. नणंदेनं अजून स्वतःची पिशवीसुद्धा उघडली नव्हती. वहिनी बाहेर आली ती गळ्यापासून घोट्यापर्यंत झग्यात गुंडाळलेली. झग्याच्या फटीतून सुटाचं काळं कापड दिसत होतं.

दोघींनी घाम गाळावा तेव्हा कुठे चढणारा सूट. एकटीनं? एवढ्यात? याचं उत्तर एकच होतं. चेन. पाठीला चेन असलेला सूट! असले सूट कधीच बाद झाले होते. चेन नको, रबरी कापड नको, आत दुसरा सूट नको. तिथल्या प्रत्येकीला हे तोंडपाठ होतं.

मग सगळं आपोआप जुळत गेलं. सकाळच्या सरावाला वहिनी येईनाशी झाली होती. विचारलं की म्हणायची, "गुडघा कुरकुरतोय हो." कसला गुडघा! दुसऱ्या कुठल्यातरी तलावावर गुपचूप तयारी चालली असणार. फोन केला की दादा उचलायचा. "झोपलीये ती," म्हणायचा आणि घाईघाईनं ठेवून द्यायचा. आणि आज? बायकोची पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यात उभा होता, पण सख्ख्या बहिणीशी नजर म्हणून मिळवत नव्हता. चोर तो चोर, वर साथीदारही घरचाच.

मला विश्वासात घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटलं. रागापेक्षा तेच जास्त खुपत होतं.

तिनं तडक पंचबाईंना गाठलं. "भावजय आहे माझी, पण नियम तो नियम. तिचा सूट तपासा."

पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तक्रार खरी निघाली तर त्या बाद होतील. चालेल तुम्हाला?"

"होऊ देत."

शब्द तोंडातून गेला आणि तोंड कडू झालं.

तिघी कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या. वहिनीनं नणंदेकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मग तिनं झग्याची गाठ सोडली आणि पाठ फिरवली.

पाठीला चेन नव्हती. कापड मान्यतेचं, शिक्का मान्यतेचा. खांद्याच्या पट्टीत आतल्या बाजूला लाल दोऱ्याची बारीक गाठ होती. दोघींचे सूट एकसारखे, अदलाबदल नको म्हणून गेल्या वर्षी नणंदेनंच ती मारली होती. सूटही गेल्या वर्षीचाच होता.

आत दुसरा सूट नाही ना, हे बघायला पंचबाईंनी पाठीशी बोट घातलं. एरवी तिथं नख शिरत नाही. आज त्यांचा अख्खा पंजा आत गेला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला, जणू झोपलेलं कुणी जागं होईल.

"सूट नियमात आहे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या.

मांड्यांशी कापडाला चुण्या पडल्या होत्या. पट्ट्यांखालून खांद्यांची हाडं वर आली होती. नणंदेचा हात सवयीनं पुढे गेला. तिनं पट्टी धरली, आणि धरूनच राहिली.

"वहिनी... अगं, हे काय? कधीपासून?"

वहिनीनं तो हात तिथंच, खांद्यावर, दाबून धरला.

"एवढी एक शर्यत पोहू द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले होते. तुमच्या शेजारच्या पट्ट्यात पोहायचं होतं मला, आणि तुम्ही जीव खाऊन पोहायला हवं होतं. सूट ओढताना तुमच्या हातांना लगेच कळलं असतं, म्हणून कडी लावली," ती म्हणाली. "या वर्षी ओढण्यासारखं काही उरलंच नाहीये, वन्सं."