बफ मारलेला ट्रम्पेट

"कोणत्या शहाण्याने याला बफ मारला?" टेबलावर ट्रम्पेट ठेवल्या ठेवल्या, जुनी वाद्यं पारखणाऱ्या म्हाताऱ्याचा पारा चढला.

"मीच मारून आणला," गिऱ्हाईक छाती फुगवून म्हणालं. "वडिलांची वस्तू आहे. विकायची तर जरा चकचकीत नको?" त्याची आई मागे स्टुलावर गुमान बसली होती.

"अहो, घासायला हे काय पातेलं आहे? भोंग्याच्या कडेला कोरीव अक्षरं होती, त्यांचा नुसता माग उरलाय. त्यावरूनच तर मला वाद्याची कुळकथा कळते!" म्हातारा तणतणत ट्रम्पेट उलटसुलट करू लागला आणि बोट अडकवायच्या कडीपाशी थबकला. "ही कडी मुद्दाम लहान करून बसवली आहे. माझं बोट शिरत नाही. वडिलांचा हात नाजूक होता?"

"छे! चांगला पंजा होता."

"मग हा त्यांनी वाजवलेला नाही."

"तोंड सांभाळून बोला! माझ्या बापाने काय चोरून आणला होता?"

आई उठली. तिने ट्रम्पेट डाव्या हातात घेतला, तशी तिची अनामिका कडीत अलगद जाऊन बसली.

"घासायला देण्याआधी ती अक्षरं वाचली होतीस का रे?"

"कुठल्यातरी बाईचं नाव होतं. आपल्या घरातलं नव्हतं."

"माझं माहेरचं नाव होतं ते," आई म्हणाली. "एकदा तुझ्या बापाने पुसलं, उरलेलं तू."