सहीखालचं टिंब

"सील शाबूत आहे. आधी नीट बघून घ्या," असं म्हणून स्टोअरकीपरने गेमचा कन्सोल काउंटरवर ठेवला, पण त्याच्यावरचा हात काही काढला नाही.

दुरुस्तीवाल्याने मान वाकवून पाहिलं. डिस्कच्या झाकणाच्या स्क्रूवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर आडवी सही. तीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाची ही खोड होती. जे बंद केलं त्यावर कागद, कागदावर सही. एकदा त्याने घरातल्या साखरेच्या डब्यालाही सील लावलं होतं. मुंग्यांना सही वाचता येत नाही, एवढंच बायको तेव्हा म्हणाली होती.

"दोन आठवड्यांपूर्वी तुमच्याकडून जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान एसएसडी बसवून घेतली. आठवडाभर घोड्यासारखा पळाला. रविवारपासून ये रे माझ्या मागल्या. शर्यत सुरू व्हायला पुन्हा दोन मिनिटं. आणि त्या आठवड्यात जिंकलेल्या शर्यतीही गायब."

"तुमच्यासमोर बसवली होती, काका."

"समोर बसून डोळ्यांत धूळ फेकणारे मी आयुष्यभर बघितलेत."

दुरुस्तीवाला पेचकस शोधू लागला.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. पंधरा दिवसांनी ती दुसऱ्या शहरात शिकायला जायची होती. रोज संध्याकाळी बाप-लेक तीन शर्यती खेळत, आणि उरलेल्या दिवसांतला वेळ लोडिंगमध्ये फुकट जाऊ नये म्हणून त्याने डिस्क बदलली होती. लेकीने इथेच शिकावं, हा आईचा हट्ट. त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि मायलेकींचं बोलणं दोन महिने बंद होतं. "तिला सांगा, जेवायला वाढलंय." "तिला सांगा, मला भूक नाही." मधल्या मधे स्टोअरकीपरचा पोस्टमन झाला होता.

जुन्या डिस्कवर लोडिंग सुरू झालं की लेक हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवायची आणि बोलत सुटायची. बायको बाहेर पॅसेजमध्ये शिवणकाम करत असे. "हे खोकं एकदाचं भंगारात द्या," हे तिचं रोजचं पालुपद. आत लोडिंग सुरू झालं की तिचं मशीन थांबायचं आणि शर्यत सुरू झाली की दुप्पट जोराने खडखडायचं. ती मुद्दाम करते, असं त्याला वाटायचं.

नव्या डिस्कने सगळं चटचट होऊ लागलं. एकदा लेक सांगत होती, "बाबा, वसतिगृहातून खोलीचा फोटो आलाय. आम्ही तिघीजणी आहोत, आणि खिडकी..." तेवढ्यात शर्यत सुरू झाली. ती शर्यत त्याने जिंकली. त्या दिवशी तो भलताच खूश होता.

"काका, ही तर तुमची जुनीच डिस्क," दुरुस्तीवाला झाकण उघडून म्हणाला. "मी ही पिशवीत घालून तुमच्या हातात दिली होती."

दिली होती खरी. पिशवी त्याने कपाटात ठेवली होती.

"सील तुमचंच ना?"

स्टोअरकीपरने फाटलेली पट्टी जुळवून भिंगाखाली धरली. सही अगदी हुबेहूब होती. फक्त तो सहीखाली एक टिंब देत असे, आणि इथे दोन होती.

"हल्ली मुलं विकतात हो," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "नवी डिस्क लगेच खपते."

घरात माणसं तीन. त्यातल्या एकीला तर ते खोकं डोळ्यांसमोर नको होतं. राहता राहिली एकच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. बापाच्या डोळ्यांदेखत जी त्याची सही करते, ती परक्या गावात एकटी काय करेल? वसतिगृहाच्या फॉर्मवर त्याची सही अजून व्हायची होती. ती करायची नाही, असं त्याने जिना चढता चढता ठरवलं.

पॅसेजमध्ये बायकोचं मशीन चालू होतं. तिच्याकडे न बघता तो आत गेला आणि सही ताडून बघायला त्याने कपाटातून लेकीची जुनी प्रगतिपुस्तकं काढली. नववी, सहावी, दुसरी. प्रत्येक पानावर त्याची सही. प्रत्येक सहीखाली दोन टिंबं.

त्याने ती लेकीपुढे टाकली.

"डिस्क कुणाला विकलीस?"

"मी? मी कशाला विकू?"

"आणि माझी सही कधीपासून करतेस? हा घे तुझा फॉर्म. यावरही तूच कर. हात बसलाय तुझा."

लेकीने एक प्रगतिपुस्तक उचललं. तिचा आवाज शांत होता.

"बाबा, तुम्ही कायम गोदामात असायचात. पहिलीपासून ही सही आई करते."

बाहेरचं मशीन थांबलं.

बायको दारात आली. हातात सुया-दोऱ्यांचा डबा होता. त्यातून तिने मशीनचा छोटा पेचकस काढला, मग फडक्यात गुंडाळलेली नवी डिस्क काढली आणि दोन्ही वस्तू फॉर्मवर ठेवल्या. लेकीकडे तिने पाहिलंही नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तिला विचारा, त्या खोलीला खिडकी आहे का."